ठरावापासून रोलरपर्यंत

चिखलीत साने चौकाकडून गावठाणाकडे जाताना रस्त्याच्या कडेला कुठे ना कुठे एक लोखंडी फलक उभा असतो. कामाचे नाव, ठेकेदार, मंजूर रक्कम, कार्यारंभ आदेशाची तारीख, मुदत आणि दोषदायित्व कालावधी, एवढ्या ओळी त्यावर असतात. तो सहसा कोणी वाचत नाही. दोन पावसाळ्यांत तो पुसट होतो आणि तिसऱ्या वर्षी त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा चिकटतात. या लेखाचा विषय त्या फलकाच्या मागची कागदपत्रे हा आहे. चिखलीसारख्या गावात रस्ता होतो म्हणजे नेमके काय होते? तो कोण ठरवतो, त्याचे पैसे कुठून येतात, काम कोणाला मिळते? यातल्या कुठल्या टप्प्यावर इथल्या रहिवाशाला बोलायला जागा आहे?

आधी गावाविषयी थोडे. वारकरी या गावाला टाळगाव चिखली म्हणतात आणि तुकोबांच्या टाळांची आठवण सांगतात. देहू आणि आळंदी यांच्या मधले, इंद्रायणीकाठचे हे शेतीचे गाव. दक्षिणेला पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार ग्रामपंचायती एकत्र करून १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. चिखली मात्र तेव्हाही ग्रामपंचायतीतच होती. १९९७ च्या सप्टेंबरमध्ये तळवडे, मोशी, चऱ्होली, डुडुळगाव, वाकड, रावेत, पुनावळे अशा गावांबरोबर चिखली महापालिकेत आली. सरपंचाच्या जागी नगरसेवक आला, ग्रामसेवकाच्या जागी प्रभाग कार्यालय आले. ग्रामसभेच्या जागी काहीच आले नाही.

हे शेवटचे वाक्य वाचताना निसटण्यासारखे आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने ग्रामसभेला वर्षाचा हिशेब आणि पुढच्या वर्षाचा विकास कार्यक्रम ऐकून घेण्याचा व त्यावर प्रश्न विचारण्याचा हक्क दिला आहे. ग्रामसभा आदर्श होत्या असे मी म्हणत नाही. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या, सह्या घरोघरी फिरवून पूर्ण केलेल्या ग्रामसभा आपल्याला ठाऊक आहेत. पण 'हौदाचे पैसे कुठे गेले' असे उभे राहून विचारण्याची कायदेशीर जागा होती. शहरात आलेल्या माणसाकडून ती जागा काढून घेतली गेली. ७४ व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांसाठी प्रभाग समित्या सांगितल्या. आपल्याकडे त्या मुख्यतः नगरसेवकांच्याच समित्या राहिल्या. पुढे २००९ मध्ये राज्याने महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. काही मतदान केंद्रांच्या परिसरातल्या मतदारांची सभा नगरसेवकाने घ्यावी, कामांचा अग्रक्रम तिथे ठरावा, अशी ती कल्पना. हा कायदा केंद्राच्या नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेच्या अटींपैकी एक अट पूर्ण करण्यासाठी आला. निधी मिळाला आणि क्षेत्रसभा पुस्तकातच राहिली.

आता पैसा. पिंपरी-चिंचवड ही आशियातली श्रीमंत महापालिका, असे वर्षानुवर्षे म्हटले जाई. त्या श्रीमंतीचे रहस्य नाक्यांवर होते. कारखान्यांत येणाऱ्या प्रत्येक मालावर जकात मिळत होती आणि वाहन उद्योगाचे दोन मोठे कारखाने हद्दीतच होते. १ एप्रिल २०१३ पासून जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट २०१५ पासून तो ५० कोटींपर्यंतच्या उलाढालीला माफ झाला आणि १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आल्यावर उरलासुरलाही गेला. बदल्यात राज्य सरकार दरवर्षी आठ टक्के वाढ धरून भरपाई देते. रक्कम मोठी आहे, पण तिचे स्वरूप बदलले आहे. पूर्वी शहर कमावत होते. आता दरमहा मुंबईहून हप्ता येण्याची वाट पाहावी लागते. हप्त्याखालोखाल मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचे शुल्क. या तिसऱ्या बाबीकडे लक्ष असू द्यावे. इमारती जितक्या उभ्या राहतील तितके उत्पन्न वाढते, म्हणजे नियोजन करणाऱ्या संस्थेचाच गल्ला बांधकामावर अवलंबून असतो.

नियोजन म्हणजे विकास आराखडा. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे जमिनीच्या प्रत्येक तुकड्याचा वापर त्यात ठरतो: निवासी, शेती, शाळेचे आरक्षण, अठरा मीटरचा रस्ता. १९९७ मध्ये आलेल्या गावांचा आराखडा मंजूर व्हायला दहा वर्षांहून अधिक काळ गेला. एक पूर्ण दशक! त्या दशकात चाकण आणि तळवड्याकडे कारखाने वाढत होते, मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून, उत्तरेतून माणसे येत होती आणि त्यांना रात्री पाठ टेकायला जागा हवी होती. आराखडा नसला तरी जमीन विकली जात होती. शेतकऱ्याने एकराचे गुंठे केले, गुंठ्याचे अर्धे केले, मध्ये बैलगाडी जाईल एवढी वाट सोडली. मोरेवस्तीसारख्या भागांत फिरताना गल्ली अचानक भिंतीला का थटते याचे उत्तर हे आहे. ती गल्ली रस्ता म्हणून आखलेली नव्हती. ती शेताची बांधावरची वाट होती.

मग आराखडा आला आणि त्याने वस्तीवरून रेघा ओढल्या. यातून तीन प्रकारची माणसे तयार झाली. ज्यांचे घर रेघेबाहेर पण परवानगीविना, त्यांना अनधिकृत ठरवून २००८ च्या दुरुस्तीनंतर मिळकतकराच्या दुप्पट शास्तीकर लागला. तो कर वर्षानुवर्षे थकत गेला आणि २०२३ मध्ये राज्याने माफ केला. ज्यांची जमीन रेघेखाली, पण ताब्यात घेतली गेली नाही, ते अडकले. कायद्याचे १२७ वे कलम सांगते की दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालकाने नोटीस द्यावी आणि चोवीस महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द. याचा अर्थ रस्ता नकाशावर असतो, त्याचा निम्मा भाग प्रत्यक्षात होतो आणि उरलेल्यासाठी मोबदला रोख द्यायचा की हस्तांतरणीय विकास हक्कात, यावर फाइल फिरत राहते. एखादा रुंद, गुळगुळीत रस्ता दीडशे मीटर गेल्यावर ज्वारीच्या शेतात किंवा पत्र्याच्या शेडपाशी संपतो तेव्हा लोक अभियंत्याला हसतात. बऱ्याचदा तिथे अभियंत्याचा दोष नसतो. पुढची जमीनच महापालिकेच्या ताब्यात नसते.

तिसऱ्या प्रकारची माणसे २०२५ मध्ये सगळ्या राज्याला दिसली. फेब्रुवारीत कुदळवाडीतील भंगाराची गोदामे, लहान कारखाने, पत्राशेड यांवर सलग काही दिवस कारवाई झाली. चार हजारांहून अधिक बांधकामे, आठशे एकरांहून मोठे क्षेत्र. या गोदामांना वारंवार आगी लागत, धुराने परिसर हैराण होई, हे खरे. पण ती शेडे काही एका रात्रीत उभी राहिली नव्हती. त्यानंतर १७ मे रोजी चिखलीतच इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आतले ३६ बंगले पाडले गेले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२४ मध्ये आदेश दिला होता आणि तो सर्वोच्च न्यायालयात कायम राहिला. घर घेणाऱ्यांना मोठा धक्का बसला. आपल्याकडे एक समजूत फार खोल रुजली आहे: मिळकतकराची पावती मिळाली की घर कायदेशीर झाले. कायद्यात कराची पावती ही परवानगी नाही. महापालिका अनधिकृत बांधकामावरही कर घेते आणि तरीही ते पाडू शकते. चिखलीत भाड्याने किंवा मालकीने राहणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे. सातबाऱ्यावरचे नाव, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र आणि पूररेषेचा नकाशा हे चार वेगवेगळे कागद आहेत. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

त्याच मे महिन्यात महापालिकेने संपूर्ण शहराचा सुधारित प्रारूप आराखडा जाहीर केला, हरकतींसाठी ६० दिवस दिले आणि हजारोंनी हरकती आल्या. चिखली-कुदळवाडी व चऱ्होलीसाठी नगररचना योजनाही पुढे आणल्या होत्या. ही योजना म्हणजे वेगळा मार्ग. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि सुविधांसाठी भाग काढायचा, उरलेल्यातून प्रत्येकाला नीट आकाराचा, रस्त्याला लागलेला भूखंड परत द्यायचा. मुंबई प्रांतात १९१५ पासून हा कायदा आहे आणि पुण्यातले काही नेटके भाग त्यातूनच उभे राहिले. नगररचनाकारांना ती आवडते, कारण भार सगळ्यांवर वाटला जातो. चिखलीत मात्र विरोध झाला आणि योजना मागे घेतली गेली. मला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे समजते. मोकळ्या शेतावर ही योजना सोपी असते. जिथे अर्ध्या गुंठ्यावर तीन मजले आणि चार भाडेकरू आहेत तिथे 'निम्मी जमीन द्या, निम्मी नीट करून देतो' याला कोणताच अर्थ उरत नाही. पण विरोधाची किंमतही सांगितली पाहिजे. पर्याय म्हणून पुन्हा एकेका मालकाशी तडजोड उरते आणि पुन्हा दीडशे मीटरचे रस्ते.

आराखड्यावरची रेघ अंदाजपत्रकात उतरली तरच काम होते. आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात, ती दुरुस्त्या करते, महासभा ३१ मार्चपूर्वी ते मंजूर करते. कराचे दर त्याआधीच, २० फेब्रुवारीपर्यंत ठरावे लागतात. २०२५-२६ चे पिंपरी-चिंचवडचे अंदाजपत्रक केंद्र पुरस्कृत योजनांसह सुमारे ९,६७५ कोटींचे होते आणि त्या योजना वगळता मूळ अंदाजपत्रक सुमारे ६,२५६ कोटींचे. बातम्यांत मोठा आकडा येतो. रहिवाशाने लहान आकडा धरावा, कारण पहिल्यात दिल्ली आणि मुंबई पैसे देतील ही आशाही मोजलेली असते. चिखलीला हे नवीन नाही. इथल्या सेक्टर १७ व १९ मधल्या घरकुल प्रकल्पात आधी तेरा हजारांहून अधिक घरे ठरली होती, प्रत्यक्षात त्यांच्या सुमारे निम्मीच झाली.

पण अंदाजपत्रकाची खरी गंमत एकूण बेरजेत नसून लेखाशीर्षांच्या बारीक छपाईत आहे. त्या जाड पुस्तकात 'प्रभागातील अमुक रस्ता विकसित करणे' अशी ओळ असते आणि पुढे आकडा काही हजार किंवा लाखभर रुपये. एवढ्यात तर रस्त्याचा खडीचा ढीगही येत नाही. हे टोकन. नाव अंदाजपत्रकात असले की निविदा काढता येते. पैसे पुढे दुसऱ्या शीर्षाखालून वर्ग करता येतात. समजा, दहा कोटींच्या कामाला या वर्षी एक लाख ठेवले, निविदा काढली, ठेकेदाराने तीन कोटींचे काम केले. ते तीन कोटी कुठून तरी वळवावे लागतात, उरलेले सात कोटी पुढच्या दोन वर्षांवर दायित्व म्हणून जातात. अशी शंभर कामे एकदम सुरू झाली की पुढच्या वर्षीचे अंदाजपत्रक जन्मतःच कर्जदार असते. नवा रस्ता घ्यायला जागा नसते, आणि लोकांना दिसते ते एवढेच की उद्घाटन झाले पण काम बंद आहे. ज्याला आपल्या गल्लीच्या कामाचे भवितव्य पाहायचे आहे त्याने तीन आकडे शेजारी मांडावेत: कामाची अंदाजित किंमत, आजवर झालेला खर्च आणि या वर्षीची तरतूद. तिसरा आकडा पहिल्याच्या शतांश असेल तर यंदाच्या दिवाळीला तिथे कंदील लागेल, डांबर नाही.

निविदेकडे येऊ. आधी प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता. अभियंता राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवरून अंदाज काढतो: खोदाई इतके घनमीटर, मुरूम इतका, खडीचे थर, डांबरी थर, पावसाळी गटार. मग ई-निविदा. दोन लिफाफे असतात. पहिल्यात ठेकेदाराची पात्रता, दुसऱ्यात दर. पहिल्या वेळी किमान तीन निविदा याव्यात असा दंडक आहे. कागदावर हे फार शिस्तीचे आहे. ही पद्धत फसवायची असेल तर पात्रतेच्या लिफाफ्यातून फसवता येते. 'गेल्या तीन वर्षांत याच प्रकारचे एवढ्या किमतीचे एकच काम', 'अमुक किलोमीटरच्या आत स्वतःचा डांबर प्रकल्प' अशा अटी घातल्या की मैदानात मोजकेच उरतात. मग ठेकेदारांनी आपसात कामे वाटून घेणे, म्हणजे बोलीभाषेतली 'रिंग', सोपी होते.

वाचकाला बाहेर बसून हे ओळखता येते का? काही प्रमाणात येते. खरी स्पर्धा असते तेव्हा रस्त्यांच्या कामांचे दर अंदाजापेक्षा बरेच खाली येतात, आणि कोणाचे किती खाली यात फरक असतो. सगळ्यांचे दर अंदाजाला अगदी चिकटून, अर्धा-एक टक्का कमी, असे वारंवार येऊ लागले की मनात शंका यावी. पण खूप कमी दर म्हणजे नेहमीच चांगली बातमी नव्हे. वीस-पंचवीस टक्के कमी दराने काम घेणाऱ्याला तोटा भरून काढायला डांबराचा थर असतोच. म्हणून फार कमी दर भरणाऱ्याकडून जादा सुरक्षा अनामत घेण्याचा नियम आहे. उलट तातडीच्या कामासाठी निविदेविना खर्च करण्याचा अधिकार आयुक्तांना कायद्याच्या कलम ६७(३)(क) खाली आहे. पुरात पूल खचला तर तो हवाच. दरवर्षी ठरलेल्या तारखेला येणाऱ्या पालखीसाठीच्या किंवा पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईसाठीच्या कामाला 'तातडी' लावलेली दिसली, तर मात्र प्रश्न विचारायला हरकत नाही. आषाढ काही अचानक येत नाही.

काम सुरू झाल्यावर महत्त्वाचा कागद म्हणजे मोजमाप पुस्तक. कनिष्ठ अभियंता प्रत्यक्ष जागेवर मोजतो आणि त्यात लिहितो, त्यावरून बिल निघते. त्याची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. फलकावरच्या सगळ्या ओळींत मला सर्वांत कामाची ओळ वाटते ती दोषदायित्वाची. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. प्रत्यक्षात खड्डा पडतो, महापालिकेचे पथक येऊन तो भरते, आणि खर्च दुरुस्तीच्या शीर्षाखाली जातो. पहिल्या ठेकेदाराची अनामत शाबूत राहते, कारण तक्रार कोणी त्याच्या कामाच्या नावाने नोंदवलेलीच नसते. फलकाचा फोटो काढून ठेवायचा तो यासाठी. खड्ड्याची तक्रार करताना कामाचे नाव आणि मुदत लिहिली तर ती तक्रार वेगळ्या टेबलावर जाते.

हे सारे टप्पे पूर्वी निदान वेगवेगळ्या हातांत होते. २०१७ मध्ये ३२ प्रभागांतून १२८ नगरसेवक निवडून आले होते. त्यांच्या सभांविषयी फार हळवे होण्याचे कारण नाही. शाळेच्या विषयाला रस्त्याची उपसूचना जोडायची आणि ऐनवेळी दोन्ही मंजूर करून घ्यायची, हा प्रकार पिंपरीच्या सभागृहाच्या बातम्या वाचणाऱ्यांच्या परिचयाचा आहे. तरीही विरोधक ओरडत, पत्रकार गॅलरीत बसत, नगरसेवकाच्या दारात जाऊन भांडता येई. १३ मार्च २०२२ ला मुदत संपली आणि त्यानंतर प्रशासक आला. अंदाजपत्रक मांडणारे आयुक्त, ते तपासणारी स्थायी समिती आणि मंजूर करणारी महासभा, तिन्ही त्या काळात एकाच खुर्चीत होते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्यास सांगितले आणि नंतर ३१ जानेवारी २०२६ पर्यंतची मुदत दिली. तोवर चार अंदाजपत्रके अशा रीतीने मंजूर झाली होती. याच काळात महापालिकेने रोखे काढून भांडवली बाजारातून पैसे उभे केले. ते फेडणाऱ्यांचा एकही प्रतिनिधी त्या वेळी सभागृहात नव्हता.

नागरिकांचे म्हणणे अंदाजपत्रकात आणण्याचे प्रयोग झाले आहेत. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये सुरुवात केली, केरळने १९९६ मध्ये लोकनियोजन मोहिमेत योजना खर्चाचा मोठा वाटा स्थानिक संस्थांकडे दिला, पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून कामे मागवते आणि पिंपरी-चिंचवडनेही अलीकडे सूचना मागवल्या. केरळ आणि आपल्यातला फरक साधा आहे. तिथे लोक आधी एकत्र बसले, मग कामे ठरली. आपल्याकडे अर्ज भरून घेतला जातो. बाकडे, पदपथाची फरशी, दिवा अशी मागणी एकट्याने अर्जातून करता येते. मोरेवस्तीतल्या तुंबणाऱ्या गल्लीसाठी शेजाऱ्याची दोन फूट भिंत मागे घ्यायची असेल तर ते अर्जातून होत नाही. त्याला सभा लागते, आणि तिथे शेजारी समोर असावा लागतो.

चिखलीच्या उत्तरेला इंद्रायणी ओलांडली की मोई, निघोजे, कुरुळी ही गावे लागतात. निघोज्याच्या बंधाऱ्यावरून उचललेले आंद्रा धरणाचे पाणी चिखलीच्या केंद्रात शुद्ध होऊन शहराला जाते. २०१९ पासून दिवसाआड पाणी घेणाऱ्या शहराला त्याचा मोठा आधार आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये चाकण भागासाठी स्वतंत्र महापालिका करण्याची भाषा सरकारी पातळीवर झाली. ती केव्हा होईल ते होवो. या गावांत आज अजून ग्रामसभा आहे, कारखान्यांचा कर ग्रामपंचायतीत येतो आणि गुंठ्यांची विक्री जोरात आहे, म्हणजे ती १९९७ च्या चिखलीच्या फार पुढे नाहीत. हद्द बदलते त्या दिवशी पंचायतीची दप्तरे नव्या कार्यालयाकडे जातात. तिथल्या लोकांना एकच व्यवहारी गोष्ट सुचवावीशी वाटते. घराच्या नमुना ८ च्या उताऱ्याची आणि ग्रामसभेच्या कार्यवृत्त वहीतल्या रस्त्यांविषयीच्या ठरावांची सही-शिक्क्याची प्रत आत्ताच काढून ठेवावी. वाट किती फुटांची सोडायची ठरली होती, कोणी कबूल केली होती, हे त्या वहीत असते. आराखड्याचा नकाशा घेऊन मोजणीदार दारात येतो तेव्हा ती वही कुठल्या कपाटात आहे हे सांगणारे सहसा कोणी सापडत नाही.